बीप अंकल

जमिनीखाली दडलेलं सत्य उजेडात आणणाऱ्या माणसांचे मानवजातीवर थोर उपकार आहेत, याबद्दल दुमत असू नये. विश्वास घोलप गेली काही वर्षं सिंगापूरच्या एका बागेत रोज संध्याकाळी हेच कार्य करत आहेत. त्यांनी आजवर जे उजेडात आणलं, त्यात सगळ्यांत मोठा वाटा कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्यांचा आहे. त्याखालोखाल केसांच्या पिना.

घोलप टॅम्पिनीसला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. पन्नाशी ओलांडलेली, उंची बेताची, चेहरा कुणीतरी नुकतीच शंका विचारल्यासारखा. ऑफिसातून आले की कपडे बदलतात आणि धातू शोधायचं यंत्र घेऊन बसने पासिर रिस पार्कला जातात. समुद्राच्या कडेला वाळूचा लांब पट्टा आहे, तो त्यांचा मुलूख. यंत्राच्या एका टोकाला ताटाएवढी चकती आणि दुसऱ्या टोकाला कोपर टेकवायची खोबण. उभं धरलं की ते हुबेहूब कुबडीसारखं दिसतं. त्यामुळे बसमध्ये शिरताच कुणीतरी उठून त्यांना राखीव जागा देतं. घोलप ती घेतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "समजावत बसलो की स्टॉप निघून जातो."

पार्कात ते गुडघ्यांना फरशी बसवणारे लावतात तसले जाड पॅड बांधतात, मानेवर फडकं लोंबणारी टोपी घालतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि अंगण झाडावं त्या लयीत यंत्र डावीउजवीकडे फिरवत निघतात. पोरंटोरं त्यांना बीप अंकल म्हणतात. सायकलवरून जाणारा कुणी ना कुणी रोज ओरडतो, "अंकल, गोल्ड फाइंड ऑलरेडी आ?" घोलप मान वर न करता "नॉट येट लाह" असं उत्तर देतात. त्यातला 'लाह', म्हणजे इथल्या बोलीचं शेपूट, इतका शुद्ध पुणेरी असतो की विचारणारा पुन्हा काही विचारत नाही.

त्यांची नोकरी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आहे. बँकेचे सगळे कॉम्प्युटर एकदम कोसळले तर काय करायचं, हे ठरवून ठेवणाऱ्या विभागात. कॉम्प्युटर अजून कोसळलेले नाहीत. त्यामुळे ठरावीक महिन्यांनी खोटी आपत्ती आणायची, तिच्यातून बँकेला वाचवायचं आणि आपण कसे वाचलो याचा अहवाल लिहायचा, असं ते काम आहे. बायको आणि मुलगी पुण्यात असतात. मुलीच्या दहावीसाठी म्हणून गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. नवरा काय करतो असं पुण्यात कुणी विचारलं, तर वहिनी म्हणतात, "वाट बघतो." हे मला खुद्द घोलपांनीच सांगितलं आणि सांगताना त्यात काही विनोद आहे असं त्यांना वाटल्याचं दिसलं नाही.

घोलप फार बोलत नाहीत. जे बोलतात ते यंत्राच्या भाषेत. त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "सिग्नल आहे, अर्थ नाही." वाळूत नुसताच क्षार असला की यंत्र कुरकुरतं, त्याबद्दलचं हे वाक्य. पण घोलप ते साहेबांच्या ईमेलला लावतात, टीव्हीवरच्या चर्चांना लावतात आणि एकदा एका लग्नात व्याह्यांच्या भाषणानंतर माझ्या कानाशी येऊन त्यांनी ते सावकाश उच्चारलं होतं.

मला त्यांनी एकदा आवाजांचा धडा दिला. लोखंडाचा आवाज घोगरा. चांदीचा वरचा, घंटेसारखा. डब्याच्या कडीचा मधला. आणि सोन्याचा आवाज कडीच्या आवाजाच्या इतका जवळ, की कडी उचलायचा आळस केला तर सोनं राहून जातं. म्हणून घोलप प्रत्येक कडी उचलतात. खणलेला खड्डा बुजवतात, वरून हात फिरवून चादरीची सुरकुती काढावी तशी वाळू सारखी करतात आणि कडी कचरापेटीत टाकतात. गवताला मात्र हात लावत नाहीत. गवतात कितीही मोठा आवाज आला तरी "ते आपलं नाही," एवढंच म्हणतात.

हा छंद लागला कसा, याची त्यांच्याकडे तीन उत्तरं आहेत. ऑफिसात सांगतात, डॉक्टरने चालायला सांगितलंय. आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक छोटा गट आहे आणि गट कितीही छोटा असला तरी त्याला अध्यक्ष आहेत. त्यांना घोलपांनी इतिहासाची आवड सांगितली. मला सांगितलं, यंत्र स्वस्तात मिळालं. मी स्वभावाने संशयी असल्यामुळे तिन्ही उत्तरं खोटी असावीत असं मला वाटे, पण पुढे चौकशी करण्याइतका माझा संशय कष्टाळू नव्हता.

इतिहासाची आवड ऐकून अध्यक्षांनी त्यांचं व्याख्यान ठेवलं. परिचयात त्यांना उत्खननतज्ज्ञ म्हटलं गेलं. सिंहपूर, सुवर्णभूमी, सागरी व्यापार असे शब्द येऊन गेले. मग घोलप उभे राहिले आणि त्यांनी टेबलावर एक टॉवेल पसरून त्यावर आपले शोध मांडले. तंबूचे खिळे, किल्ल्या, खेळण्यातली मोटार, पिना, कड्या, आणि धातूची पट्टी असलेली एक अर्धी कवळी. अध्यक्षांनी सावरून घेत विचारलं, की यात प्राचीन असं काय आहे. घोलपांनी बराच विचार करून एक नाणं उचललं आणि म्हणाले, "हे जुनं आहे. पण तुमच्याहून लहान असेल." नंतरच्या चहाला कवळीभोवती बरीच गर्दी होती.

दुसरा प्रसंग बॉम्बचा. इथे इमारतीचा पाया खणताना अधूनमधून महायुद्धातला बॉम्ब निघतो, हे खरं आहे. एका रविवारी घोलपांच्या यंत्राने वाळूत असा काही आवाज केला, की त्यांनी हेडफोन काढले, चारी बाजूंना काठ्या रोवल्या आणि पोलिसांना फोन केला. मग शेजारी कोंबडीचे पंख भाजत बसलेल्या तीन कुटुंबांना शांतपणे उठवून, रांग लावून, वाऱ्याच्या उलट दिशेने एका झाडाखाली नेऊन उभं केलं आणि त्यांची हजेरी घेतली. आयुष्यभराची तालीम कामी आली. पोलीस आले, आणखी कुणी आले, वाळू उपसली गेली. खाली कुणीतरी पुरून ठेवलेली बार्बेक्यूची जाळी होती. पोलीस फार सभ्यपणे बोलले. भाजलेले पंख मात्र एव्हाना कावळ्यांनी नेले होते. घोलप परत येताना बसमध्ये म्हणाले, "साळुंखे, सात मिनिटांत रिकामं केलं." त्यांच्या आवाजात मी प्रथमच आनंद ऐकला.

सापडलेली मौल्यवान वस्तू ते ठेवत नाहीत. हरवल्या-सापडल्याच्या एका ऑनलाइन गटावर फक्त 'एक अंगठी' एवढंच टाकतात आणि मालक आला की त्याची बँकेच्या थाटात उलटतपासणी घेतात. एकदा एक चिनी तरुण साखरपुड्याची अंगठी न्यायला आला होता. डोळे सुजलेले. घोलपांनी त्याला आतल्या बाजूला काय कोरलंय, कोणत्या दिवशी हरवली, तेव्हा तो पाण्याकडे तोंड करून होता की झाडांकडे, असं सगळं विचारलं. मग अंगठी दिली. तो मिठी मारायला पुढे झाला, तर घोलप एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "केअरफुल, होल इज देअर."

अशा माणसाची आणि माझ्या सासूबाईंची गाठ पडेल, हे मला कधी सुचलं नसतं.

सासूबाई कराडच्या. आमच्याकडे महिन्याभरासाठी आल्या होत्या. त्यांना बोलायला आवडतं आणि आमच्या घरात ऐकायला कुणी नसतं. बायको मीटिंगमध्ये. मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर देते. राहता राहिलो मी. थोरल्या दिरांशी चाललेल्या विहिरीच्या वाटणीची हकिकत मी पहिल्या आठवड्यातच दोनदा ऐकली होती आणि तिसऱ्यांदा सुरू होण्याची चिन्हं दिसली की त्यांना फिरायला नेत असे. पासिर रिसला त्यांना ओल्या वाळूतून अनवाणी चालायला आवडे. कराडला त्यांचे पाय कायम सुजलेले. इथे येऊन चालणं वाढलं, स्वयंपाकघरातलं उभं राहणं कमी झालं आणि डाव्या पायाची सूज पार उतरली. आम्ही सगळे खूश होतो.

त्या सोमवारी वाळूत घोलप भेटले. मी ओळख करून दिली. घोलप वाकले. मला वाटलं, सवयीने काहीतरी उचलायला वाकले. पण तो नमस्कार होता. तो अर्ध्यात थांबला.

"मावशी," ते खालूनच म्हणाले, "डाव्या पायातलं जोडवं कुठाय?"

सासूबाईंनी पदर सावरून खाली पाहिलं. उजव्या पायात जोडवं होतं, डावं बोट मोकळं होतं. त्या जागच्या जागी बाकावर बसल्या. लग्नात घातलेली ती जोडवी. चाळीस वर्षं साबण लावूनही निघाली नव्हती. सूज उतरली आणि एक आपसूक गळून गेलं.

येत्या रविवारी रात्रीचं त्यांचं विमान होतं आणि परत गेल्यावर तीन दिवसांनी त्याच थोरल्या दिरांच्या घरी लग्न. तिथे जाऊबाई होत्या आणि जाऊबाईंची नजर दारात आलेल्या बाईच्या पायांपासून सुरू होते. सासऱ्यांना त्यांनी कळवू दिलं नाही. बायका काय म्हणतील याचं नाही, असं त्या म्हणाल्या, पण आपल्यालाच बरं वाटणार नाही. नवी जोडी घ्यावी, तर उजवं जोडवं निघत नव्हतं. एकच नवं घ्यावं, तर ते जुन्याशी जुळणार नव्हतं. बायको दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून लिटिल इंडियातली दुकानं पालथी घालून आली. तिथे तमिळ घडणीची जोडवी मिळतात, आमच्या वेढ्यांची नाहीत आणि एक सुटं कुणी देत नाही. मुलगी म्हणाली, "आजी, नेव्हर माइंड लाह, नो वन सीज युअर टोज." तिला जाऊबाई माहीत नाहीत.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी घोलपांनी आधी सासूबाईंची तपासणी घेतली. चप्पल कुठे काढली, तेव्हा जोडवं होतं का, मग कुठून कुठे चाललात. चप्पल बाकाशी काढली तेव्हा होतं, कारण जोडव्यात खडा अडकला म्हणून त्यांनी तो काढला होता. म्हणजे बाक ते सुरूची झाडं, एवढाच टापू. घोलपांनी काठीने वाळूत पट्टे आखले.

"नमुना लागेल," ते म्हणाले.

कशाचा, असं सासूबाईंनी विचारलं. दुसऱ्या पायातला, असं उत्तर आलं. ते जोडवं निघत नाही म्हणाल्या, तर घोलप म्हणाले, काढू नका, नुसता पाय उचला.

तेव्हा सासूबाई माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभ्या राहिल्या, उजवा पाय पुढे केला आणि घोलपांनी त्याखालून ती चकती फिरवली. हेडफोनची वायर त्यांनी काढून टाकली होती, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. यंत्र बारीक, स्वच्छ वाजलं. सासूबाईंना तो आवाज आवडला. "परत करा बरं, भाऊ," त्या म्हणाल्या. घोलपांनी परत केलं. सासूबाईंनी तिसऱ्यांदाही करायला लावलं. एक धावणारा माणूस आमच्याजवळ येऊन थांबला, त्याने काही क्षण पाहिलं आणि मग लांबून वळसा घालून निघून गेला.

तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला आणि मी पार्किंगच्या दिशेने चालत गेलो. परत आलो तेव्हा उजेड संपत आला होता. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. घोलप सुरूच्या झाडाशी एका जागी उभे राहून चष्मा पुसत होते. सापडलं नाही, उद्या बघू, असं म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, धक्का बसला असेल.

मंगळवारपासून सासूबाई एकट्या बसने जाऊ लागल्या. बरोबर थर्मासमध्ये चहा आणि डब्यात काही ना काही. घरी त्यांची तगमग बघवत नव्हती. सकाळी उठल्यापासून जोडव्याचा विषय आणि साडेपाच वाजले की "त्या भाऊंना एकट्याला कुठं सापडायचंय, मला जायलाच पाहिजे," म्हणून चपला. आल्यावर मान हलवायच्या. कराडहून रोज रात्री सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या फोन अगदी तोंडाशी धरून बोलायच्या आणि सगळं छान आहे म्हणून सांगायच्या.

बायको मला म्हणाली, "तुझे घोलप एवढे हुशार ना? बार्बेक्यूची जाळी सापडते आणि आईचं जोडवं सापडत नाही?"

मी म्हणालो, चांदीचं वजन कमी आहे, भरतीच्या पाण्याने वाळू हलते. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. पण घोलपांचा बचाव करणं मला आवश्यक वाटलं, कारण त्या आठवड्यात विहिरीची हकिकत मी एकदाही ऐकली नव्हती.

गुरुवारी मी त्यांना आणायला गेलो. लांबूनच दिसलं, यंत्र झाडाला टेकवलेलं आहे, सासूबाई बाकावर ताठ बसल्या आहेत आणि घोलप माझ्याकडे पाठ करून त्यांच्यासमोर वाळूत बसले आहेत. पलीकडे दोन पाणमांजरं मासा खात होती, तिकडे त्या दोघांचं लक्ष नव्हतं. विहीर सुरू आहे, हे मी ओळखलं. आता निदान थोरल्या दिरांनी मोटर बसवण्यापर्यंत सुटका नव्हती. ऐकणाऱ्याबद्दल मला सहानुभूती वाटली, पण तिथे जाऊन ती व्यक्त करावी एवढी नाही. मी तसाच मागे फिरलो आणि हॉकर सेंटरमध्ये कॉफी प्यायलो.

शनिवारी शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही सगळेच गेलो. घोलपांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते पट्ट्यापट्ट्याने यंत्र फिरवत निघाले. बायको हात जोडून उभी होती. सुरूच्या झाडाच्या अलीकडे यंत्र वाजलं. घोलप गुडघ्यांवर बसले, आमच्याकडे पाठ केली, नेहमीपेक्षा बराच वेळ उकरत राहिले आणि मग तळहातावर जोडवं घेऊन उभे राहिले.

बायको रडायलाच लागली. मुलीने टाळ्या वाजवल्या. "अगंबाई, सापडलं," सासूबाई म्हणाल्या. शाळेच्या नाटकात पहिल्यांदा उभं राहिलेल्या मुलीने म्हणावं, तसं म्हणाल्या.

मी ते जोडवं हातात घेऊन पाहिलं. आठवडाभर खाऱ्या वाळूत पडलेली चांदी काळवंडायला हवी होती, ती आरशासारखी चमकत होती. आणि जोडवं पुन्हा बोटातून गळू नये म्हणून आमच्याकडे बायका त्याला आतून दोरा गुंडाळतात, तसा त्याला लाल दोरा गुंडाळलेला होता. अगदी घट्ट, एकसारखा, शेवटची गाठ आत दडवलेली.

बायको आणि सासूबाई पुढे गेल्यावर मी घोलपांना विचारलं, वाळूत दोरा कुठून आला. ते हातातल्या कड्या कचरापेटीत टाकत होते.

"वाळूत काहीही सापडतं," ते म्हणाले.

रविवारी विमानतळावर जाताना टॅक्सीत बायको पुढे बसली होती आणि मी सासूबाईंबरोबर मागे. माझ्या निरीक्षणशक्तीचा मला थोडा अभिमान वाटत होता. मी हळू आवाजात त्यांना म्हणालो, की आई, रागावू नका, पण मला वाटतं जोडवं घोलपांना आधीच सापडलं होतं. निदान दोन दिवस आधी. एकटा माणूस आहे. तुम्ही गप्पा मारता, ते त्यांना बरं वाटलं असेल.

सासूबाईंनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"दोन दिवस कसले, जावईबापू. सोमवारीच सापडलं. तुम्ही फोनवर होता. मी त्याला विचारलं, आई कुठं असते तुझी. तेवढ्यात ते वाजलं. तोच आवाज, तीनदा ऐकला होता की मी. त्याने त्यावर पाय ठेवला आणि चष्मा पुसायला लागला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? जोडवं घेतलं असतं तर मी चपला घालून घरी आले असते. त्याचं सांगायचं राहिलं असतं."

मी म्हणालो, मला वाटलं तुम्हीच त्यांना विहिरीचं सांगताय.

"विहिरीचं काय सांगायचंय त्यात," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी महिनाभर जगलो होतो, पण त्याचा आनंद घ्यायला वेळ मिळाला नाही. त्यांनी पुढच्या सीटकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"विश्वासची आई गेली तेव्हा साथीच्या रोगामुळे विमानं बंद होती. धाकट्या भावाने फोनवर दाखवलं. हा इकडून म्हणतोय, पाय दाखव, नमस्कार करू दे. त्याला वाटलं ह्याला नीट दिसत नाही, म्हणून तो फोन आणखी तिच्या तोंडाजवळ नेतोय. शेवटपर्यंत तोंडच दाखवलं. मग न्यायची वेळ झाली. भावाला तरी काय बोलायचं. त्यानंतर घेतलं म्हणे ते यंत्र. घरात बसवेना."

टॅक्सी हायवेला लागली होती. दोन्ही बाजूंची झाडं नुकतीच छाटल्यासारखी नीट उभी होती. या देशात ती नेहमीच तशी असतात.

"एवढं सांगायला त्याला गुरुवार उजाडला," सासूबाई म्हणाल्या. "तोवर मला डब्यांच्या कड्यांचं सांगत होता. मीही ऐकून घेतलं."

"आणि घरी रोज जी तगमग चालली होती?"

"संध्याकाळी जायला कारण नको? हिला सांगू नका. दुकानं पालथी घालून आली पोरगी." मग म्हणाल्या, "गुरुवारी सांगून झाल्यावर मी त्याला म्हटलं, बाबा, माझे पाय आहेत ना, कर नमस्कार. त्या दिवशी अर्धाच राहिला होता तुझा. तर केला. बराच वेळ केला. मला वाटलं, आता उठवावं लागतंय."

म्हणजे मी कॉफी प्यायलो तेव्हा.

पुढून बायकोने वळून विचारलं, मागे काय चाललंय. सासूबाई म्हणाल्या, दोरा टोचतोय का विचारतायत. टोचत नाही.

चांगी विमानतळावर सामान दिलं, पाया पडणं झालं, मुलीने इंग्रजीत गळ्यात पडून घेतलं आणि सासूबाई आत गेल्या. तासाभराने त्यांचा फोन आला. तपासणीच्या कमानीची त्यांना धास्ती होती. जोडवी काढायला लावतील, उजवं निघणार नाही आणि तिथेच अडकून पडू, असं त्यांना वाटत होतं. तसं काही झालं नव्हतं. दोन्ही जोडव्यांसकट त्या कमानीतून चालत गेल्या आणि कमान वाजलीच नाही. हे विश्वासला आवर्जून सांगा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

सोमवारी मी पार्कात जाऊन सांगितलं. घोलपांनी हेडफोन एका कानावरून बाजूला केला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि क्षणभर विचार केला.

"तिथे सेन्सिटिव्हिटी कमी ठेवतात," ते म्हणाले. "नाहीतर रांग लागते."